गोडा ड्रम, खारा ड्रम

३ फेब्रुवारी

प्रिय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार. मी बरी आहे, घर बरं आहे, आणि तुझे मासे आपल्या दोघांपेक्षा बरे आहेत. तू कसा आहेस? इंजिनरूममध्ये फार उकडतंय का? तो नवा कुक अजून सगळ्यात व्हिनेगर ओततो का? तुझं पत्र एजंटाच्या पाकिटातून पोचलं. जहाज हलतं की तुझा हात हलतो देव जाणे, अर्धी पानं अंदाजानेच वाचावी लागतात.

आता ऐक. हॉलच्या भिंतीला भोकं पाडली आहेत. ओरडू नकोस, आधी पुढचं वाच.

मागच्या बाल्कनीत तू जमवलेलं सगळं भंगार मी हलवलं, म्हणजे हलवून घेतलं, आणि तिथे तुझ्या समुद्री माशांसाठी खारं पाणी बनवायचं ठाणं मांडलं. तीन वर्षं तू नुसता ‘एकदा करू या, एकदा करू या’ म्हणत होतास ना? केलं. लोखंडी स्टँडवर निळा ड्रम. फिल्टरचं पाणी रात्रभर थेंबथेंब त्यात पडतं. त्याच्या खाली पांढरा ड्रम. निळ्याचा नळ सोडला की गोडं पाणी आपोआप पांढऱ्यात उतरतं, मग त्यात मीठ घालायचं. तळाशी पंप आहे, तो पाणी गरागरा फिरवत ठेवतो. दिवसभर फिरलं की त्या तुझ्या खारटपणा मोजायच्या दुर्बिणीसारख्या नळीत एक थेंब टाकून उजेडाकडे बघायचं. रेघ पस्तिसावर आली की दुसरा नळ फिरवायचा, आणि तोच पंप पाणी भिंतीच्या कडेच्या पाइपातून थेट हॉलमधल्या माशांच्या टाकीत ढकलतो. टाकीतलं जुनं पाणी नळीने बाथरूममध्ये जातं. बादली कुठेच नाही. मी फक्त नळ फिरवणार, मुकादमासारखी उभी राहून.

काम आपल्या भोंग्याने केलं. प्लंबर म्हणून वाईट नाही, पण आवाज! “बाई, माझ्या अख्ख्या बिल्डिंगीला इतके पाइप नाहीत हो!” हे रस्त्यापलीकडच्या माणसांनीसुद्धा ऐकलं असेल. मिठाचं पोतं त्यालाच वर आणायला लावलं, आणि लहान लहान डब्यांत भरूनही त्याच्याकडूनच घेतलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मागच्या खेपेला असंच पोतं मी एकटीने तिसऱ्या मजल्यावर आणलं होतं, तेव्हा तो जिन्यातच भेटला होता.

तर कारण असं की कंबर धरली आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, ओझं उचलायचं नाही. अजिबात नाही. बादली नाही, पोतं नाही, खुर्चीसुद्धा सरकवायची नाही. कंबरच आहे, दुसरं काही नाही. फोनवर खोदून खोदून विचारू नकोस, मला उत्तरं द्यायचा कंटाळा येतो.

टाकीतला म्हातारबा मजेत आहे. तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून उभा असतो. पिवळा जर्द दिसतो. त्याला मी सांगितलंय, मालक जुलैत येणार, तोवर सगळं नीट राहणार. माझ्याकडून मी काही कमी पडू देणार नाही.

काळजी घे. पायात ते फाटके बूट घालू नकोस.

तुझी,
मुकादम


२४ फेब्रुवारी

प्रिय मिस्त्री,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. चार पानं पंपावर आणि दोन ओळी माझ्यावर. वा!

विचारलंस तेवढ्याची उत्तरं देते. पाइप पिण्याच्या पाण्याचाच आहे, साधा नाही. हीटर पाण्यात पूर्ण बुडल्याशिवाय चालू करत नाही. टाकीतलं पाणी उडून कमी झालं की त्यात निळ्यातलं गोडंच पाणी घालते, खारं नाही. मीठ उडून जात नाही एवढं मला कळतं. आणि ‘पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी नाही’ हे तू दोनदा अधोरेखित करून लिहिलंस, ते कुणासाठी? दातांच्या लॅबमध्ये मी पंधरा वर्षं प्लास्टर कालवतेय. भुकटीवर पाणी ओतलं की काय होतं ते मला शिकवू नकोस. गोळा होतो आणि दगड होऊन बसतो.

लॅबचं निघालंच आहे तर सांगते, मी सध्या सुट्टी घेतली आहे. कवळ्या बनवायच्या त्या द्रावणाचा वास सहन होत नाही. तोच वास इतकी वर्षं नाकात होता, आता एकदम नकोसा झाला. लॅबचे मालक म्हणाले, “मास्क लावा की.” म्हटलं, मास्कचं नाही, मन लागत नाही. ते ‘हं’ म्हणाले. त्यांना तीन मुली आहेत, त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

वॉचमनला बादल्या वाहायला का सांगत नाहीस, हा तुझा प्रश्न. बिल्डिंगने वॉचमन काढून टाकला, आता दाराला कुलूप आहे आणि प्रत्येकाकडे किल्ली. आणि समज असता, तरी दर आठवड्याला काय कारण सांगू त्याला? लोक विचारतात रे. कंबर किती दिवस पुरणार?

आई आल्या आहेत. मी बोलावलं नव्हतं. शनिवारी बेल वाजली, दार उघडलं तर दोन पिशव्या घेऊन उभ्या. म्हणाल्या, “घरी करमत नाही.” तुझ्या आईला करमत नाही! ज्या बाईला स्वतःचं घर सोडून दोन रात्री कुठे झोप लागत नाही, त्या बाईला! गुडघे धरत तीन मजले चढून आल्या आणि दम खाऊन पहिलं काम काय केलं, तर माझ्या हातातली धुण्याची बादली काढून घेतली. मी म्हटलं, “आई, राहू द्या.” तर, “तू बस.” एवढंच. त्यांनी काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. आम्ही दोघी दिवसभर माशांबद्दल बोलतो.

परवा फोनवर मी पटकन ठेवलं म्हणून रागावलास. रागाव. तुझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्यांची कुजबुज मला इकडे ऐकू येते. त्या फोनवर मला काही बोलायचं नाही.

पांढऱ्या ड्रमचं पहिलं पाणी टाकीत गेलं. रेघ बरोब्बर पस्तिसावर. एकही मासा दचकला नाही. पंपाचा आवाज मला आता झोपायच्या खोलीतूनही कळतो. सलग घूं असेल तर ठीक, मधे खंड पडला तर मी उठून बघून येते. तुझी सवय मला लागली म्हण.

जपून राहा.

तुझी,
मुकादम


१५ मार्च

प्रिय मिस्त्री,

नमस्कार. तू सरळच विचारलंस, ‘काही लपवते आहेस का?’ असा एकच प्रश्न, बाकी पान कोरं. पान कोरं ठेवून पाठवलंस तेव्हा कळलं की तू घाबरला आहेस.

हो, लपवते आहे.

गेल्या चार वर्षांत मी तुला दोनदा तीच बातमी दिली आणि दोन्ही वेळा तीच परत घेतली. दुसऱ्या वेळी तू अख्ख्या जहाजाला सांगून बसला होतास. कॅप्टनने तुझा हात हातात घेतला, कुकने तुझ्यासाठी म्हणून वेगळं काही केलं, सगळं मला रंगवून लिहिलंस. ते पत्र माझ्या हातात पडलं त्याच दिवशी मला तुला फोन करावा लागला. तुझ्या मागे पाचसहा जण उभे होते. मी सांगितलं. तू म्हणालास, “बरं.” बस्स. मग म्हणालास, “मागे लोक थांबलेत.” मला माहीत आहे तू दुसरं काही बोलूच शकत नव्हतास. पण मिस्त्री, तो ‘बरं’ मला अजून झोपेतून उठवतो.

मग मी ठरवलं, या वेळी कुणालाच सांगायचं नाही. पाचवा लागेपर्यंत नाही. जे होईल ते माझं एकटीचं. परत घ्यायला काही दिलेलंच नसेल, म्हणजे कुणाला ‘बरं’ म्हणावं लागणार नाही.

तू म्हणशील, हा कसला हिशेब? पण रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा मी काय तपासते, ते तुला कसं सांगू? पाऊल जमिनीला टेकायच्या आधी मी थोडा वेळ तशीच पडून राहते. काही झालेलं नसतं. मग उठते, ड्रम बघते, मासे बघते. मासे ठीक असले की वाटतं सगळं ठीक आहे. वेडेपणाच आहे, पण वाटतं.

म्हणून बादल्या नाहीत. म्हणून भिंतीला भोकं.

हे पत्र मी टाकीन की नाही, माहीत नाही.

तुझी


३० मार्च

प्रिय मिस्त्री,

नमस्कार. पंधरा तारखेचं पत्र मी टाकलं नव्हतं. या पत्रासोबत तेही पाठवते, आधी ते वाच. वाचलंस ना? आता सगळं सांगते. बसायला मनाई आहे म्हणून आडवी पडून लिहितेय, अक्षर कसंही येईल.

तुझे मासे गेले. ते आधीच सांगून टाकते. म्हातारबा गेला, नारिंगी जोडी गेली, निळे दोन्ही गेले. तळाशी लपून बसणारा तो लाजाळू एक उरला आहे, आणि गोगलगायी.

आणि मला दिवस गेले आहेत. चौथा महिना संपत आला आहे.

मंगळवारी सकाळी तपासणी होती. जिने चढउतार करायला मनाई आहे, फक्त तपासणीपुरती सूट, तीही मधे मधे बसून. आईंना सांगितलं, लॅबमध्ये सही करायला जातेय. डॉक्टरबाईंनी पोटावर ते यंत्र ठेवलं आणि ठोका ऐकवला. दारावर कुणी भराभरा बोटं वाजवावीत तसा. मागच्या दोन्ही वेळा इथवर पोचलोच नव्हतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, “हसा की जरा.” मी हसले. टॅक्सीत हसत होते, जिन्यात प्रत्येक वळणावर बसून हसत होते. मिस्त्री, मी इतकी खूश होते की मला लाज वाटत होती.

इकडे आईंनी ठरवलं, ही यायच्या आत हिचं काम उरकून टाकावं. डबे उचलून ओतताना हिला त्रास होतो. पांढरा ड्रम रिकामाच होता. त्यांनी एकेका डब्यातलं मीठ वाटीवाटीने आधी त्यात टाकलं, सगळं, आणि मग निळ्याचा नळ सोडला. आयुष्यभर पीठ मळताना त्यांनी आधी पीठ घेतलंय आणि मग पाणी. त्यांना दुसरं सुचणार तरी कसं? वर पंपाचं बटणही दाबलं. पंप बिचारा मिठाच्या ढिगाखाली गाडलेला, नुसता गुरगुरत होता, पाणी फिरवत नव्हता. वरचं पाणी मचूळ आणि तळाशी सगळं मीठ.

मी आले. आई म्हणाल्या, “सगळं करून ठेवलंय. तू फक्त नळ फिरव.” कौतुक हवं होतं त्यांना, आणि मी त्या दिवशी कुणाचंही कौतुक करायला तयार होते. वरवरचा थेंब घेतला. रेघ पस्तिसाच्या बरीच खाली. एरवी मी थांबले असते, पुन्हा ढवळून पुन्हा बघितलं असतं. म्हटलं, थोडं कमी तर कमी, चालतंय. पंपाचा आवाज बरोबर नव्हता. तो मला दुसऱ्या खोलीतून कळतो. पण मंगळवारी माझ्या कानात दुसराच आवाज होता.

टाकीतलं जुनं पाणी सोडलं आणि नळ फिरवला. पंपाने एक उचकी दिली आणि तळातला दाट खार पाइपातून टाकीत ओतायला लागला. मी पाठमोरी होते. वळून बघते तो टाकी दुधासारखी पांढरी.

पंप बंद केला. उशीर झाला होता. म्हातारबा काचेला तोंड लावून उभा राहिला, नारिंगी जोडी वर येऊन तोंडं उघडायला लागली. निळा ड्रम रिकामा. फिल्टरमधून तो पुन्हा भरायला रात्र जाणार. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते ओतलं तर लवकर मरतील. एकच उपाय होता, तू अडीअडचणीला म्हणून खाली जिन्याखालच्या खोलीत भरून ठेवलेले खाऱ्या पाण्याचे कॅन. चार कॅन. प्रत्येकात वीस लिटर. तिथून इथवर तीन मजले.

समोरची बेल दाबली. वरच्यांची बेल दाबली. कामाचा दिवस, भर दुपार, कोण असणार घरी? भोंग्याला फोन केला. कुठल्या तरी गटारात उतरलेला. “बाई, संध्याकाळी येतो!” म्हणून ओरडला. टाकीचे मासे विकणाऱ्याचं दुकान बंद. मी दारात येऊन उभी राहिले. मागे वळून बघितलं तर आई नाहीत.

मग खालून आवाज यायला लागला. धप्. थोडा वेळ काही नाही. धप्. एकेक पायरी कॅन ओढत आणत होत्या, त्या गुडघ्यांनी. मी वरून म्हटलं, “आई, सोडा ते.” धप्. मग आवाज थांबला तो थांबलाच.

मी खाली गेले. मला जायचं नव्हतं, पण गेले. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे त्या पायरीवर बसलेल्या, गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरलेला, डोळ्यांत पाणी, शेजारी कॅन. आणि मी कॅनची कडी धरली. विचार केला नाही रे. डोळ्यांसमोर म्हातारबा होता, आणि तू होतास, जुलैत दारातून आत येणारा. उचलला. एक पायरी चढले. ओटीपोटात काहीतरी ओढलं गेलं.

आईंनी माझ्या हातावर फटका मारला. लहान मुलाला मारतात तसा, चांगला सणसणीत. कॅन हातातून सुटून दोन पायऱ्या खाली घरंगळला.

“हात लावू नकोस!”

“आई, मासे मरतायत.”

“मरू देत.”

“तुमच्या लेकाचे आहेत हो. लग्नाआधीपासूनचे आहेत.”

“माझ्या लेकाचं जे आहे ते तुझ्या पोटात आहे. मला काय आंधळी समजतेस?”

मी तिथेच बसले. त्याही बसल्या. म्हणाल्या, “मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुझ्या आवाजावरून फोनवरच कळलं होतं. म्हणून तर आले.” मी विचारलं, “मग बोलला का नाहीत?” तर म्हणाल्या, “तू बोलली नाहीस. मला वाटलं, बोलून दाखवलं की दृष्ट लागेल.” आम्ही दोघी त्या जिन्यात मोठ्याने रडलो. महिनाभर एकाच घरात राहून एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो, काय म्हणायचं याला?

मग त्यांनी मला कठड्याला धरून हळूहळू वर आणलं, खुर्चीत बसवलं, आणि स्वतः तांब्या घेऊन परत गेल्या. कॅन उघडून तांब्या तांब्याने पाणी आणत राहिल्या, लंगडत. दीडशे लिटरच्या टाकीत तांब्याने काय होणार? त्यांनाही कळत होतं. मी चौथ्या तांब्याला त्यांचा हात धरून बसवलं.

आणि मी बघत राहिले. पाठ फिरवली नाही. निळे आधी गेले, मग जोडी. म्हातारबाला खूप वेळ लागला. तो शेवटपर्यंत उभाच होता. खाली तीन कॅन भरलेले होते आणि माझे हातपाय धड होते. संध्याकाळी भोंगा आला, धावत वर आला, दोन दोन कॅन एकदम उचलून आणले. टाकीकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्या माणसाचा आवाज बसला. “बाई, मी दुपारीच यायला हवं होतं,” म्हणाला. त्याची काय चूक? त्यानेच मेलेले मासे काढले, मला बघू दिले नाहीत.

तू विचारण्याआधी सांगते. वाईट वाटतंय का? वाटतंय. फार वाटतंय. त्या टाकीकडे मी बघू शकत नाही. पण पुन्हा तशीच वेळ आली तर कॅन उचलीन का? नाही. पुढच्या वेळी मी ती एक पायरीसुद्धा चढणार नाही. तुला राग यायचा असेल तर येऊ दे, मी तो सोसेन.

आईंना मात्र वेगळ्या दोन ओळी लिही. त्या मीठ-पाण्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत, नुसता तो पांढरा ड्रम घासत बसतात. परवा मला म्हणाल्या, “मासे मारले ते मारलेच, आणखी काही झालं तर मी काय करू?” याचं उत्तर तू दे.

कारण त्या रात्री थोडं रक्त दिसलं. थोडंच. सकाळी डॉक्टरबाईंकडे गेलो, भोंग्याने खुर्चीत बसवून खुर्चीसकट खाली नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ठोका आहे. पण पुढचे काही आठवडे सांगता येत नाही. पूर्ण आडवं राहायचं. राहील किंवा राहणार नाही, दोन्ही शब्द त्यांनी तितक्याच शांतपणे उच्चारले. त्यानंतर पुन्हा काही दिसलेलं नाही. आज सकाळपर्यंत नाही. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा काय असेल, मला माहीत नाही.

म्हणजे बघ, ज्यासाठी लपवलं तेच झालं. तुला पुन्हा अर्धवट बातमी देतेय, कदाचित परत घ्यावी लागणारी. मी ठरवलं होतं, जे होईल ते एकटीने बघून घेईन. नाही बघता येत. रात्री कूस बदलायची भीती वाटते, शिंकायची भीती वाटते. आई शेजारच्या खाटेवर जाग्या असतात, मीही जागी असते, आणि आम्ही दोघी झोपल्याचं सोंग करतो.

जहाजावर सांगायचं तर सांग, नाही तर नको. सगळं सोडून ये असंही म्हणत नाही. मधल्या बंदरात तुला कोण सोडणार, मला कळतं. धीर धर, सगळं ठीक होईल, असं मात्र लिहू नकोस, ते मला इथे सगळे सांगतात. तुलाही भीती वाटते एवढंच लिही. मी एकटीने घाबरून फार दमले आहे रे, आता अर्धी भीती तू घे.

तुझी, अजून तरी दोघांची,
मी